परदेशची माधुकरी

वैशाख लागला म्हणजे पूर्वीं आमच्या घरांत दोनच विषय निघत: कोकणांतून आंब्याच्या पेट्या केव्हां येणार, आणि लेकी माहेरीं केव्हां येणार. अलीकडे त्यांत तिसऱ्याची भर पडली आहे. घरांतील मुलांपैकीं कोण उन्हाळ्याच्या सुटींत परदेशीं 'सेवेस' जाणार, हा तो विषय. अमेरिकेंत स्थायिक झालेल्या आमच्या चुलतभावाचा मुलगा तेथील शाळेमार्फत मध्य अमेरिकेंतील एका खेड्यांत दोन आठवडे राहून शाळेची भिंत बांधून आला, आणि त्याचीं छायाचित्रें पाहून येथील भावंडांच्या डोळ्यांपुढेंही तशींच स्वप्नें तरळूं लागलीं. शाळा, महाविद्यालयें, धर्मसंस्था आणि प्रवासी कंपन्या अशा सफरी काढतात. विद्यार्थ्यानें पैसे भरावयाचे, दोन-चार आठवडे परक्या देशांत राहावयाचें, दिवसा कांहीं लोकोपयोगी काम करावयाचें, सायंकाळीं तेथील गाणें, नाच, स्वयंपाक व भाषा यांचा परिचय करून घ्यावयाचा, अखेरीस दोन दिवस प्रेक्षणीय स्थळें पाहावयाचीं आणि प्रशस्तिपत्र घेऊन परतावयाचें, असा त्यांचा साधारण क्रम असतो.

गेल्या वर्षीं हा प्रश्न आमच्याच उंबरठ्याशीं येऊन उभा राहिला. आमची पुतणी तेव्हां बी. ए. च्या दुसऱ्या वर्षांत होती. एका प्रवासी संस्थेमार्फत कंबोडियांतील अनाथाश्रमांत तीन आठवडे जाऊन तेथील लहान मुलांस इंग्रजी शिकवावें, असा बेत तिनें आंखला होता. बक्षिसांच्या सांठविलेल्या पैशांतून अनामत रक्कमही तिनें भरून टाकली होती. रात्रीं जेवणें आटोपल्यावर माजघरांत सगळीं मंडळी बसलीं आणि चर्चा सुरू झाली. धाकट्या बंधूंचें म्हणणें असें कीं, पुढें परदेशच्या विद्यापीठांत प्रवेश मागतांना असें प्रशस्तिपत्र उपयोगीं पडतें. मुलीच्या आईचें म्हणणें, एकट्या पोरीला इतक्या दूर धाडावयाचें कसें! मुलगी म्हणाली, "मोठे काका, मला फिरायला जायचं नाहीं. कोणाच्या तरी उपयोगीं पडायचं आहे." तिच्या बोलण्यांतील कळकळ खरी होती, याविषयीं आम्हांस तेव्हांही शंका नव्हती आणि आजही नाहीं.

आमच्या मातोश्रींचें वय शहाऐंशी वर्षांचें आहे. त्या वाती वळतां वळतां इतकेंच म्हणाल्या, "अगं, तीन आठवड्यांनीं तूं परत आलीस म्हणजे तीं पोरं कोणाच्या तोंडाकडे पाहतील?"

या प्रश्नास आमच्यापैकीं कोणाजवळही उत्तर नव्हतें. तें शोधण्यासाठीं पुढील पंधरा-वीस दिवसांत आम्हीं व पुतणीनें मिळून जें वाचलें, तें आमच्यासारख्याच इतर घरांच्या उपयोगीं पडावें म्हणून येथें मांडीत आहों.

एका इंजिनिअराचें फावडें

प्रथम हें सांगितलें पाहिजे कीं, परक्या देशांत जाऊन अंगमेहनतीची सेवा करण्याची कल्पना आजची नव्हे, आणि मुळांत ती उथळही नव्हे. तिचा उगम पहिल्या महायुद्धाच्या राखेंत आहे. पिएर सेरेसोल हे स्वित्झर्लंडमधील एक इंजिनिअर. त्यांचे वडील १८७३ सालीं त्या देशाचे अध्यक्ष होते. अशा प्रतिष्ठित घराण्यांतील या गृहस्थांनीं लष्करी कर देण्याचें नाकारून तुरुंगवास पत्करला. पण युद्ध नको असें नुसतें म्हणण्यानें त्यांचें समाधान होईना. युद्धानें जें मोडलें तें जोडावयास आपले हात लागले पाहिजेत, असें त्यांस वाटे. म्हणून १९२० च्या नोव्हेंबरांत ते मूठभर सोबती घेऊन फ्रान्समध्यें व्हर्दनजवळच्या एन नांवाच्या खेड्यांत गेले. १९१६ च्या लढाईंत तोफांच्या माऱ्याखालीं हें खेडें जमीनदोस्त झालें होतें. सेरेसोल यांच्या सोबत्यांत जर्मन तरुणही होते. ज्या देशाशीं फ्रान्स चार वर्षें झुंजला, त्याच देशाचीं माणसें आतां ढिगारे उपसूं लागलीं, तोफगोळ्यांचे खड्डे बुजवूं लागलीं आणि परतून येणाऱ्या कुटुंबांसाठीं लांकडी घरें उभारूं लागलीं.

जर्मन माणसांच्या उपस्थितीस विरोध वाढत गेल्यामुळें पुढल्या वसंतांत तें काम सोडावें लागलें. परंतु बीज रुजलें होतें. १९२७ सालीं ऱ्हाईन नदीस आलेल्या पुरानें लिख्टेनस्टाइन या चिमुकल्या देशाची शेतजमीन गाळाखालीं गेली, तेव्हां ती मोकळी करण्यास पुढल्या वर्षीं अनेक देशांतून सातशेंहून अधिक स्वयंसेवक गोळा झाले. 'सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल' या नांवानें जी संस्था आज ओळखली जाते, ती याच कामांतून वाढली.

या संस्थेचा आपल्या देशाशीं निकटचा संबंध आहे, हें पुष्कळांस ठाऊक नसेल. १५ जानेवारी १९३४ रोजीं बिहारांत प्रलयंकर भूकंप झाला. घरें तर पडलींच, पण भुईंतून वर आलेल्या वाळूनें शेतें झांकलीं गेलीं आणि जमिनीची पातळी बदलल्यामुळें पुराचें भय वाढलें. राजेंद्रप्रसाद यांच्या नेतृत्वाखालीं मदतीचें मोठें काम उभें राहिलें. सेरेसोल १९३१ च्या डिसेंबरांत स्वित्झर्लंडमध्यें गांधीजींस भेटलेले होते. भूकंपाची वार्ता ऐकून ते हिंदुस्थानांत आले. त्या वेळीं त्यांची पन्नाशी उलटलेली होती. १९३४ ते १९३७ या काळांत त्यांनीं तीन खेपा केल्या. मुजफ्फरपुरच्या परिसरांतील पूरग्रस्त खेडीं उंच जागीं हलवून तेथें नवीं घरें बांधण्याचें काम त्यांनीं अंगावर घेतलें; त्यांतील एका नव्या वसाहतीस शांतिपुर असें नांव मिळालें. त्यांच्यासह तेथें आलेले युरोपीय हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच होते. बाकीचे सारे हात तेथील गांवकऱ्यांचे होते. बिहारचें दुःख बिहारच्या लोकांनींच निवारावयाचें, आपण फक्त त्यांच्या रांगेंत उभें राहून पाटी उचलावयाची, हें सूत्र त्यांत स्पष्ट दिसतें.

पुढें हीच परंपरा आपल्या महाराष्ट्रांतही आली. १९५१ सालीं बाबा आमटे यांनीं वरोऱ्याजवळच्या खडकाळ माळावर आनंदवनाचा आरंभ केला. त्यानंतरच्या कांहीं वर्षांतच या संस्थेचे परदेशी स्वयंसेवक तेथें येऊन राहिले आणि कुष्ठरोग्यांच्या बरोबरीनें राबून त्यांनीं तेथें इमारती उभारल्या. ज्या वस्तीच्या वाऱ्यासही आपल्यांतील सुशिक्षित उभे राहत नसत, तेथें दूरदेशींच्या तरुणांनीं मुक्काम ठोकला, ही गोष्ट आमच्या पिढीनें मान खालीं घालून वाचावी अशीच आहे. सेवेच्या सफरींस सरसकट नांवें ठेवणाऱ्यांनीं आनंदवनांतील त्या भिंती ध्यानांत ठेवाव्या.

घरांत राहून शिकणें

सेवेची ही धारा वाहत असतांनाच दुसरी एक धारा निघाली. ती परक्या संस्कृतींत राहून शिकण्याची. १९३२ सालीं अमेरिकेंतील डोनाल्ड वॅट यांनीं कांहीं मुलांस उन्हाळ्यांत युरोपांत नेऊन तेथील मुलांबरोबर छावणींत ठेवलें. परंतु एका छावणींत राहिल्यानें मनें एकत्र येतातच असें नाहीं, हें त्यांच्या लवकरच लक्षांत आलें. म्हणून त्यांनीं प्रत्येक विद्यार्थ्यास एकेका कुटुंबांत, त्या घरचाच एक मुलगा किंवा मुलगी म्हणून, ठेवण्याची पद्धत पाडली. त्यांची कल्पना अशी कीं, परक्या लोकांविषयीं व्याख्यानें ऐकून जें कळत नाहीं, तें त्यांच्या पंगतीस बसून, त्यांचीं भांडीं विसळून आणि त्यांच्या आजारपणांत उशाशीं बसून कळतें. आम्हां एकत्र कुटुंबांतील माणसांस ही गोष्ट निराळी समजावून सांगावयास नको. नवी सून घरांत आली म्हणजे पहिलें वर्षभर ती हेंच करीत असते. कोणाचा चहा किती गोड, कोणाची कोणती जागा, कोणत्या गोष्टीवर बोलावयाचें नाहीं, हें ती न विचारतां शिकते.

वॅट यांच्या या योजनेंतून १९३४ सालीं जर्मनींत राहून आलेला सार्जंट श्रायव्हर नांवाचा तरुण पुढें १९६१ सालीं अमेरिकेच्या 'पीस कोअर' या सेवादलाचा पहिला संचालक झाला. त्या दलाच्या स्वयंसेवकास आधीं सुमारें तीन महिने भाषेचें व कामाचें शिक्षण घ्यावें लागतें आणि त्यानंतर दोन वर्षें नेमल्या जागीं राहावें लागतें. विद्यार्थ्यांच्या उन्हाळी सेवेंतही पूर्वतयारीची अशी उदाहरणें आहेत. १९६५ सालीं टेक्सास संस्थानांतील ह्यूस्टन शहराच्या तरुणांनीं होंडुरास देशांत पोलिओची लस देण्याचें काम केलें. त्यांतून निघालेल्या 'आमिगोस दे लास आमेरिकास' या संस्थेनें सफरीपूर्वीं कित्येक महिने मुलांस स्पॅनिश भाषा व कामाची माहिती देण्याचा परिपाठ ठेवला.

येथवरचा इतिहास वाचून आमच्या पुतणीचा उत्साह दुणावला. "पाहा, म्हणजे मी कांहीं वावगं करीत नव्हतें!" असें ती म्हणाली. परंतु इतिहासाचीं पुढलीं पानें अद्याप उलटावयाचीं होतीं.

एक कडू व्याख्यान

२० एप्रिल १९६८ रोजीं अशाच विद्यार्थ्यांच्या एका परिषदेपुढें इव्हान इलिच यांचें व्याख्यान झालें. दर उन्हाळ्यांत मेक्सिकोच्या खेड्यांत सेवेस जाणारे हे अमेरिकन तरुण होते. इलिच हे व्हिएन्ना येथें जन्मलेले कॅथलिक धर्मगुरु. मेक्सिकोंतील क्वेर्नावाका शहरीं ते एक अभ्यासकेंद्र चालवीत. सेवेस निघालेल्या मुलांस या पाहुण्यानें तोंडावर सांगितलें कीं, तुमच्या सद्हेतूंचा या लोकांस उपयोग नाहीं. तुम्हांस त्यांची भाषा धड येत नाहीं. त्यामुळें ते तुमच्याविषयीं काय बोलतात हेंही तुम्हांस कळत नाहीं. तुमच्याच शहरांतील गरीब वस्तींत तुम्ही गेलांत तर तेथील लोक निदान तुम्हांस समजेल अशा भाषेंत "चालते व्हा" असें तरी सांगूं शकतील. मेक्सिकोंत अवश्य या. पाहावयास या, डोंगर चढावयास या, शिकावयास या. पण मदत करावयास येऊं नका.

हें व्याख्यान आम्हीं घरांत मोठ्यानें वाचलें, तेव्हां कोणीच कांहीं वेळ बोललें नाहीं. त्यांत अतिरेक आहे, असें आमचें मत आहे. आनंदवनांतील इमारती इलिच यांच्या तर्कशास्त्रांत बसत नाहींत. तरीही त्यांनीं बोट नेमकें दुखऱ्या जागीं ठेवलें आहे, हें नाकारतां येत नाहीं. सेवा करणारास सेवा घेणाराचें 'नको' ऐकूं येत नसेल, तर ती सेवा न राहतां सत्ता होऊन बसते. आमच्या चुलतभावाच्या मुलानें बांधलेल्या भिंतीचीच गोष्ट घ्या. ज्यानें जन्मांत थापी हातीं धरलेली नाहीं, अशा सोळा वर्षांच्या वीस मुलांस भिंत बांधण्यासाठीं विमानानें नेलें. त्या भाड्याच्या पैशांत त्याच गांवच्या गवंड्यांस कित्येक महिने मजुरी मिळाली असती आणि भिंतही ओळंब्यांत उभी राहिली असती. त्या गांवांत गवंडी होते काय, असें आम्हीं त्या मुलास पत्रानें विचारलें. "होते," त्यानें प्रांजळपणें लिहिलें, "ते बाजूला उभे राहून आमच्याकडे पाहत होते."

तान्ह्या जिवांचा प्रश्न

भिंत वांकडी झाली तर ती पाडून पुन्हां बांधतां येते. मूल तसें नसतें. मातोश्रींचा प्रश्न घेऊन आम्ही कंबोडियाकडे वळलों, तेव्हां जें दिसलें तें मन विषण्ण करणारें होतें. तेथील सरकारनें युनिसेफच्या साहाय्यानें केलेली पाहणी २०११ सालीं प्रसिद्ध झाली. २००५ ते २०१० या पांच वर्षांत त्या देशांतील अनाथाश्रमांची संख्या सुमारें ७५ टक्क्यांनीं वाढली होती. तेवढ्या काळांत कांहीं पोरक्या मुलांची संख्या तशी वाढली नव्हती. आश्रमांत ठेवलेल्या मुलांपैकीं जवळजवळ तीन-चतुर्थांश मुलांचे आई किंवा बाप, निदान एक तरी, हयात होते! गरीब आईबापांस शिक्षणाची व दोन वेळच्या अन्नाची आशा दाखवून मुलें आश्रमांत आणली जात. परदेशी पाहुण्यांचा व त्यांच्या देणग्यांचा ओघ हें त्यामागील एक मोठें कारण होतें. पाहुण्यांस अनाथ मुलें भेटावयास हवीं होतीं. म्हणून अनाथ मुलें निर्माण होऊं लागलीं.

दुसरी गोष्ट मुलांच्या मनाची. आईपासून तुटलेल्या बालकांच्या मनाची काय दशा होते, यावर इंग्रज मनोवैद्य जॉन बौल्बी यांनीं जागतिक आरोग्य संघटनेसाठीं १९५१ सालीं लिहिलेला अहवाल प्रसिद्ध आहे. मुलास वाढीसाठीं अन्नाइतकीच एका कायमच्या माणसाच्या मायेची गरज असते, हें त्याचें सार. अनाथाश्रमांत दर तीन आठवड्यांनीं नवी ताई येते, कुशींत घेते, गाणीं शिकविते, छायाचित्रें काढते आणि निघून जाते. तिच्यामागून दुसरी येते. प्रत्येक खेपेस त्या मुलाच्या वांट्यास पुन्हां एक ताटातूट येते. तें मूल पहिल्या भेटींतच गळ्यांत पडतें, तें प्रेमानें नव्हे. कोणीच टिकत नाहीं, हें त्यास कळलेलें असतें म्हणून.

जगानें या गोष्टीची दखल घेतली आहे. पैसा मिळविण्यासाठीं मुलांस अनाथाश्रमांत आणणें हा गुलामगिरीचाच एक प्रकार होय, याचा विचार ऑस्ट्रेलियाच्या संसदीय समितीनें २०१७ सालीं केला. आणि डिसेंबर २०१९ मध्यें संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनें बालहक्कांवरील आपल्या ठरावांत, अनाथाश्रमांतील स्वयंसेवेपासून होणाऱ्या अपायांस आळा घालण्याविषयीं सदस्यराष्ट्रांस सांगितलें. जी गोष्ट मोठमोठ्या सभांनीं ठराव करून सांगितली, ती आमच्या मातोश्रींस वाती वळतां वळतां उमगली होती. चार मुलें आणि नऊ नातवंडें मांडीवर खेळविल्यानें आलेलें तें शहाणपण होय.

चार प्रश्न

या साऱ्या वाचनांतून आम्हीं घरांत चार प्रश्न ठरविले. ज्या घरांतील मुलें अशा सफरीस निघालीं असतील, त्यांनीं ते अवश्य विचारावे.

पहिला प्रश्न: बोलावणें कोणाचें आहे? काम त्या गांवानें मागितलें आहे, कीं प्रवासी संस्थेनें पाहुण्यांच्या सोयीसाठीं काढलें आहे? न बोलावतां गेलेल्या पाहुण्यास आपल्याकडेही आगंतुक म्हणतात.

दुसरा प्रश्न: आपणांस त्या कामाचें कसब आणि तेथील भाषा कितपत येते? येथें ज्या मुलीला बालवाडींत शिकवावयास कोणी उभें करणार नाहीं, ती परदेशीं गेल्याबरोबर शिक्षिका होते, हें कसें?

तिसरा प्रश्न: आपण गेलों नाहीं तर तें काम कोण करील, आणि आपण परत आल्यावर तें कोण चालवील? आपल्यामुळें तेथल्या एखाद्या कारागिराची मजुरी बुडत असेल, किंवा आपल्या पाठोपाठ तें काम बंद पडत असेल, तर न गेलेलें बरें. भरलेल्या पैशांपैकीं किती त्या गांवांत पोंचतात, हेंही याच प्रश्नांत आलें.

चौथा प्रश्न सर्वांत सोपा आणि सर्वांत अवघड: हेंच आपल्या घरीं चाललें असतें काय? परक्या देशाचीं अनोळखी तरुण मंडळी दर पंधरवड्यास येऊन आपल्या बालवाडींतील मुलांस उचलून घेऊं लागलीं, त्यांचीं छायाचित्रें जगास दाखवूं लागलीं, तर आपण तें सहन केलें असतें काय? जें आपल्या नातवंडांस चालणार नाहीं, तें दुसऱ्याच्या नातवंडांस चालेल असें आपण कोणत्या तोंडानें म्हणावें?

कोणी म्हणेल, इतके प्रश्न विचारीत बसल्यास कोणी कोणाच्या उपयोगींच पडणार नाहीं. आम्हांस तसें वाटत नाहीं. सेरेसोल यांच्या एन गांवच्या आणि बिहारच्या कामास हे चारही प्रश्न विचारून पाहा. त्यांचीं उत्तरें मिळतात. जी सेवा प्रश्नांस भिते, तिच्याविषयींच शंका घ्यावी.

पुतणीनें हे प्रश्न त्या प्रवासी संस्थेस लिहून धाडले. दोन दिवसांत उत्तर आलें. त्यांत चारांपैकीं एकाही प्रश्नाचें उत्तर नव्हतें. मात्र उरलेली रक्कम महिनाअखेरपर्यंत भरल्यास शुल्कांत सूट मिळेल, असें कळविलें होतें. त्या रात्रीं ती जेवली नाहीं. दुसऱ्या दिवशीं तिनें आपलें नांव काढून घेतलें. अनामत रक्कम बुडाली.

बुधवारचा विद्यार्थी

मुलगी हिरमुसली होती. तेव्हां मातोश्रींनीं तिला जवळ बसवून आपल्या माहेरची एक आठवण सांगितली. त्यांच्या लहानपणीं त्यांच्या घरीं दर बुधवारीं एक विद्यार्थी जेवावयास येई. सात घरीं सात वार लावून तो शिकत होता. "तो आला कीं आधीं विहिरीचं पाणी ओढून हंडा भरी," त्या म्हणाल्या, "आम्हां पोरांचे पाढे म्हणवून घेई, आईला पत्र लिहून देई. पण 'मी तुमच्यासाठीं अमुक करतों' असं त्याच्या तोंडून कधीं आलं नाहीं. देणारं कोण आणि घेणारं कोण, हें त्याला ठाऊक होतं. सात घरचं मीठ खाल्लं, सात घरच्या रीती शिकला. तुला परदेशीं जायचं ना? तशी जा."

त्या चालीच्या मर्यादा आम्ही जाणतों. माधुकरीचीं व वारांचीं तीं दारें एकाच जातीच्या मुलांसाठीं उघडीं असत, आणि ज्यांस तें अन्न खावें लागे त्यांनीं त्यांत पुष्कळदां अपमानही गिळला. परंतु त्यांतील एक तत्त्व आम्हांस या प्रश्नाची किल्ली वाटतें. माधुकरी मागणारा विद्यार्थी दाता नसतो. तो हातानें जें काम करतो, तें उपकार म्हणून नव्हे, तर खाल्लेल्या अन्नाची जाणीव म्हणून. परदेशीं जाणाऱ्या आपल्या मुलांची खरी जागा हीच आहे. परकें गांव त्यांस आपली भाषा, आपली भाकरी आणि आपला वेळ देत असतें. मुलांनीं दोन पाट्या माती उचलली, तर ती त्या देण्याची अल्पशी परतफेड.

ही दृष्टि आल्यावर मार्ग आपोआप निघाला. पुतणीनें महाविद्यालयांत फ्रेंच भाषा घेतली होती. फ्रान्सच्या दक्षिण भागांत सेव्हेन नांवाच्या डोंगराळ मुलखांत उतारावरच्या शेतांचे दगडी बांध आहेत; ते कोसळले कीं शेत वाहून जातें. चुना-माती न लावतां दगडावर दगड बसवून ते रचावे लागतात. युरोपांतील आठ देशांतील या विद्येस युनेस्कोनें २०१८ सालीं जगाच्या सांस्कृतिक वारशांत स्थान दिलें आहे. तेथील एका गांवानें बांध दुरुस्त करण्यासाठीं निरनिराळ्या देशांतून आठ-दहा तरुणांस तीन आठवडे बोलावलें होतें. काम गांवाचें, गुरु गांवचा वृद्ध गवंडी, राहणें तेथल्याच एका घरीं. चारही प्रश्नांचीं उत्तरें पत्रांतच आलीं होतीं. विमानभाडें मोठें होतें, हें कबूल केलें पाहिजे. पण तो खर्च सेवेच्या खात्यावर मांडावयाचा नाहीं, शिक्षणाच्या खात्यावर मांडावयाचा, असें घरांत एकमतानें ठरलें. धाकट्या बंधूंनींही पुन्हां प्रशस्तिपत्राचें नांव काढलें नाहीं.

जूनमध्यें ती गेली. तिच्या पहिल्या पत्रांत असें होतें कीं, चार दिवस गवंडीबाबा सायंकाळीं येऊन तिनें रचलेला बांध निमूटपणें पाडून टाकीत आणि दगड पुन्हां तिच्यापुढें मांडीत. पांचव्या दिवशीं त्यांनीं तो पाडला नाहीं. नुसतें एका दगडावर हात ठेवून पाहिलें आणि ते पुढें गेले. त्या दिवशीं आपणांस जितका आनंद झाला तितका पहिल्या वर्गांत आल्यावरही झाला नव्हता, असें तिनें लिहिलें होतें. ज्या घरीं ती राहिली, तेथील आजीबाईंनीं तिला चेस्टनटचें सूप करावयास शिकविलें. तिनें त्यांस वरणभात करून वाढला. तीन आठवड्यांत तिच्या हातून उणापुरा चार हात बांध झाला.

परत आल्यावर पावसाळा सरतांच ती मातोश्रींना घेऊन आमच्या कोकणांतील घरीं गेली. तेथल्या आगराभोंवतीं जुना गडगा आहे. तोही चुन्यावांचून रचलेला, आणि कित्येक वर्षें एका बाजूनें ढासळलेला. लहानपणापासून दर सुटींत ती त्यावर चढून कैऱ्या पाडीत आली होती. पण तो कोणी रचला, हें तिनें कधीं विचारलें नव्हतें. या खेपेस तिनें तें विचारलें. गांवांतील एका वृद्ध कामकऱ्याच्या वडिलांनीं तो रचला होता आणि त्यांची विद्या या मुलाच्या हातांत अजून शिल्लक होती. योग्य ती मजुरी ठरवून तिनें त्यांस बोलावलें व स्वतः त्यांच्या हाताखालीं दगड उचलूं लागली.

पहिल्या दिवशीं सायंकाळीं त्यांनींही तिचें काम पाडलें. मातोश्री ओटीवर बसून तें पाहत होत्या. त्या हंसल्या आणि म्हणाल्या, "आतां हिचा वार लागला."